मदत हवी आहे: वातींचं मशीन घ्या, माल आम्हीच परत घेऊ – ही ऑफर कशी तपासायची?

नमस्कार मंडळी,

सल्ला जरा घाईनेच हवा आहे. माझी धाकटी जाऊ बार्शीला असते. घरी शिवणकाम करते, दोन्ही मुलं शाळेत, दीर डाळमिलमध्ये कामाला. "महिलांसाठी घरबसल्या उद्योग" अशा जाहिराती तिच्या मोबाइलवर सारख्या येत होत्या. त्यातल्या एकीवर तिने नंबर दिला आणि आता ती देवाच्या वाती करायचं मशीन घ्यायच्या बेतात आहे. टोकन म्हणून पाच हजार यूपीआयने देऊन झालेत. बाकीचे येत्या सोमवारपर्यंत भरायचे, नाहीतर "तालुक्याचा कोटा दुसऱ्या ताईंना जाईल" असं सांगितलंय.

ऑफर अशी आहे. मशीन १,६५,००० रुपयांचं. कापूस कंपनी देणार ३०० रुपये किलोने, तयार वाती परत घेणार ६०० रुपये किलोने. मशीनवर दिवसाला तीन किलो वाती निघतात असं ते म्हणतात. म्हणजे दिवसाचे ९००, महिन्यातले २५ दिवस धरले तर साडेबावीस हजार, आणि आठ महिन्यांच्या आत मशीन फिटलं. हा हिशेब जावेला आता तोंडपाठ आहे. ओळखीत आणखी मशीन विकून दिलं तर प्रत्येक मशीनमागे कमिशनही आहे. पैसे ती उभे करणार पाटल्या गहाण ठेवून आणि बचत गटाचं कर्ज काढून.

मी तिच्याकडून सगळे कागद मागवून वाचले. वेबसाइटवर नावापुढे "प्रा. लि." आहे, कोटेशनवर त्याच नावापुढे नुसतं "एंटरप्रायझेस" आणि पाच हजार गेले ते एका माणसाच्या बचत खात्यात. पत्ता दिल्लीचा आहे, जीएसटी क्रमांक ०९ ने सुरू होतो. सोबत उद्यम (लघुउद्योगांची सरकारी नोंदणी) आणि आयएसओची (कामाच्या दर्जाची) प्रमाणपत्रं, त्यांवर मोठ्या अक्षरांत "भारत सरकार मान्यताप्राप्त". करार ५०० रुपयांच्या स्टॅम्प पेपरवर होणार आहे. त्याच्या मसुद्यात एक कलम आहे, ते जसंच्या तसं देते: "तयार माल कंपनीच्या गुणवत्ता निकषांनुसार आढळल्यासच स्वीकारला जाईल." ते निकष कोणते, हे अख्ख्या करारात कुठेही नाही. वातीची लांबी, जाडी, वजन, काहीच नाही. त्याच्याच खाली "विकलेले मशीन कोणत्याही कारणास्तव परत घेतले जाणार नाही" आणि "सर्व वाद दिल्ली न्यायालयांच्या अधिकारक्षेत्रात".

फोनवरचा मुलगा अगदी गोड मराठी बोलतो, प्रत्येक वाक्यात ताई. मी प्रश्न विचारायला लागले तर म्हणाला, "मशीन तुम्ही घेणार आहात का? मग मी ताईंशीच बोलतो."

जाऊ भोळी नाही. शिलाईचे पैसे वेळेवर येत नाहीत, घराबाहेर पडून नोकरी जमत नाही, म्हणून ती स्वतःचं काहीतरी शोधतेय आणि त्यात तिचं काहीच चुकलेलं नाही. मला म्हणते, "ताई, तुम्हाला पुण्यात बसून सगळंच खोटं वाटतं." तिला गप्प करायला मला मुळीच आवडणार नाही. तिला स्वतःला पडताळून बघता येईल असं काही हवंय. काय काय तपासायचं आणि कुठे? टोकनचे पैसे परत मिळतील का?

प्रतिसाद १

कर आणि हिशेबाचं काम करतो, त्यामुळे कागदांपुरतं सांगतो.

जीएसटी क्रमांकाचे पहिले दोन आकडे राज्याचे असतात. महाराष्ट्र २७, गोवा ३०, दिल्ली ०७, उत्तर प्रदेश ०९. म्हणजे पत्ता दिल्लीचा, नोंदणी उत्तर प्रदेशातली. एवढ्यावरून कुणी लबाड ठरत नाही, कारखाना नोएडात असू शकतो. पण जीएसटीच्या साइटवर लॉगिन न करता करदाता शोधायची सोय आहे, तिथे तो पंधरा अक्षरी क्रमांक टाका. मालकाचं कायदेशीर नाव, धंद्याचं नाव, नोंदणीची तारीख, नोंदणी चालू आहे की रद्द, सगळं समोर येतं. ते नाव आणि पैसे गेलेल्या खात्याचं नाव ताडून बघा.

खरंच "प्रा. लि." असेल तर २१ अक्षरी सीआयएन, म्हणजे कंपनीचा नोंदणी क्रमांक, असणारच: आधी एक अक्षर, मग उद्योगाचे पाच आकडे, राज्याची दोन अक्षरं, स्थापनेचं वर्ष, पीटीसी (प्रा. लि.ची खूण) आणि शेवटी सहा आकडे. २०१३ च्या कंपनी कायद्याप्रमाणे लेटरहेडवर आणि बिलावर तो छापावाच लागतो. कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या साइटवर त्यावरून स्थापनेची तारीख, भरणा झालेलं भांडवल आणि नोंदणीकृत पत्ता दिसतो. क्रमांक मागितल्यावर टाळाटाळ झाली तर कंपनी नाहीच असं धरून चाला.

उद्यम नोंदणी फुकट होते, आधार टाकून, स्वतःच्याच घोषणेवर. कुणी येऊन कारखाना बघत नाही. आयएसओची प्रमाणपत्रं बहुतेक खासगी संस्थाच देतात. तेव्हा "भारत सरकार मान्यताप्राप्त" हे शब्द त्यांनी स्वतः छापलेत. मला सर्वांत जास्त खटकलं ते बचत खातं. कंपनीचा माल विकत घेताना पैसे माणसाच्या खात्यात का जावेत? यूपीआयवर पैसे सोडण्याआधी बँकेतलं नाव दिसतं. कंपनीचं नाव नसेल तर तिथेच थांबायचं.

प्रतिसाद २

आमचं पूजासाहित्याचं दुकान आहे, वाती रोज विकतो. तुमच्या जाऊबाईंना एवढंच सांगा: बार्शीत भगवंताच्या देवळाच्या आसपास दुकानं आहेत, तिथे जाऊन तयार वातींचा घाऊक भाव किलोवर काढा. दुकानदाराला सरळ विचारा, "मी महिन्याला सत्तर किलो देते, काय भावाने घ्याल?" त्याचा भाव ६०० च्या खाली आला, तर मग बाजारात स्वस्त मिळणारा माल ही कंपनी तुमच्याकडून महाग का घेतेय? त्यावर दिल्लीपर्यंतचं भाडं, पाकीट, दुकानदाराचा नफा हे वेगळंच.

दुसरं, किलोमागे ३०० रुपये सुटत असतील तर कंपनीने स्वतःच्या शेडमध्ये पन्नास मशीनं टाकून पगारी बायका बसवल्या असत्या. तसं ती करत नाही, कारण तिची कमाई वातींत नाही, मशीन विकण्यात आहे. पहिले एकदोन लॉट नीट घेतले जातात, पैसेही वेळेवर येतात. तेवढ्यात त्या बाईंच्या शब्दावर शेजारपाजारच्या चारजणी मशीन घेतात. मग "माल जाड झाला", "कापूस ओला लागला" अशी कारणं सुरू होतात. तुम्ही दिलेलं कलम त्याचसाठी आहे. निकष लिहिलेलेच नाहीत, तर कुठलाही माल नाकारता येतो.

खरा व्यवहार असेल तर एक वर्ष मशीन चालवणाऱ्या सोलापूर, धाराशिव भागातल्या बायकांचे पत्ते त्यांना सहज देता येतील. जाऊबाईंनी न कळवता जाऊन मशीन चालू आहे का ते बघावं आणि गेल्या तीन महिन्यांचे पैसे बँकेत आले का ते पासबुकात बघावं. व्हिडिओतल्या यशोगाथा धरू नका.

प्रतिसाद ३

वरच्यांशी सहमत. २०११ चं स्पीक एशिया आठवतं का कुणाला? ११,००० रुपये भरा, घरी बसून ऑनलाइन सर्वेक्षणं भरा, दर आठवड्याला पैसे मिळतील. मुंबई पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेपर्यंत प्रकरण गेलं. मग २०१७ मध्ये नोएडाचं सोशल ट्रेड उघडकीस आलं, पैसे भरून लिंकवर क्लिक करायचं, दर क्लिकला पाच रुपये, आणि उत्तर प्रदेश पोलिसांनी सुमारे ३,७०० कोटींचा आकडा सांगितला. दोन्हीकडे लोकांना वाटत होतं की आपण काम करतोय आणि कामाचे पैसे मिळतायत. त्या कामाला बाहेरचा गिऱ्हाईक होता का, हे विचारायचं राहून गेलं. वातींच्या बाबतीतही मी हेच विचारेन: या वाती शेवटी कुठल्या दुकानात, कुठल्या ब्रँडखाली विकल्या जातात? एक पाकीट दाखवा.

कमिशनचं कलम हलक्यात घेऊ नका. थेट विक्रीसाठी २०२१ मध्ये केंद्राचे नियम आले, त्यांत पिरॅमिड योजनांना (नव्या माणसांच्या पैशांवर आधीच्यांना कमाई देणाऱ्या साखळ्यांना) आणि सामील व्हायला पैसे घेण्याला मनाई आहे. मशीन मध्ये घातलं की ते प्रवेशशुल्क वाटत नाही, एवढाच फरक. आणि उद्या पैसे बुडाले तर गावातल्या बायका दिल्लीला जाणार नाहीत, जाऊबाईंच्या दारात येतील.

धागालेखिका

सगळ्यांचे मनापासून आभार. धागा जावेला पाठवला, तिने दोनदा वाचला आणि स्वतःच देवळाकडच्या दुकानात जाऊन आली. दुकानदाराने सांगितलेला घाऊक भाव कंपनीच्या खरेदीदरापेक्षा बराच खाली निघाला. मग घरी येऊन मला न विचारता तिने कंपनीला फोन लावला आणि सीआयएन मागितला. उत्तर मिळालं, "ते हेड ऑफिसला असतं." पत्ते मागितले तर व्हिडिओच्या लिंक आल्या. जीएसटीच्या साइटवर नोंदणी वर्षभरापूर्वीची दिसते, जाहिरातीत मात्र पंधरा वर्षांचा अनुभव आहे. सोमवारचे पैसे भरणार नाही असं तिने कळवलं, तर लगेच आजच्या आज भरल्यास वीस हजारांची सूट. तो फोन तिने स्वतःच ठेवला, याचं मला फार कौतुक वाटतं.

आता टोकनचं काय करायचं? "बुकिंग परत मिळत नाही" असं म्हणतायत. आणि तिला काम हवंच आहे, त्याबद्दलही कुणी सांगू शकेल का?

प्रतिसाद ४

वकिली करते. आधी व्हॉट्सॲपवर आणि ईमेलवर लेखी मागणी करा: अमुक तारखेला अमुक रक्कम दिली, करारावर सही झालेली नाही, मशीन मिळालेलं नाही, सात दिवसांत पैसे परत करा. जाहिरात, चॅट, कोटेशन, कराराचा मसुदा, यूपीआयचा व्यवहार क्रमांक, सगळ्याचे स्क्रीनशॉट आजच काढून ठेवा. जाहिराती आणि मेसेज पुसले जातात.

सायबर फसवणुकीसाठी १९३० ला फोन करा आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवा. पैसे जाऊन जितका कमी वेळ झालेला असतो तितकी ते खात्यात गोठवले जाण्याची शक्यता जास्त, म्हणून लेखी मागणीच्या उत्तराची वाट बघत बसू नका. ग्राहक हेल्पलाइन १९१५ वरही नोंद करा.

दिल्लीच्या कलमाला घाबरून गप्प बसायचं कारण नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे तक्रारदार जिथे राहतो तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येते, म्हणजे इथे सोलापूरला. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. "मशीन धंद्यासाठी, तुम्ही ग्राहकच नाही" असं समोरचे म्हणतील. स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू कायदा 'धंद्यासाठी' घेतलेली धरत नाही, हे तक्रारीत स्पष्ट लिहा.

कामाबद्दल: बँकांच्या ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था जिल्ह्याजिल्ह्यांत आहेत, तिथलं प्रशिक्षण मोफत असतं. शिवण येत असेल तर तिथूनच पुढे जाता येईल. बचत गट उमेदशी (बचत गटांसाठीच्या राज्य सरकारच्या अभियानाशी) जोडलेला असेल तर गटाच्या ताईंना विचारा. मुद्रा कर्ज लागलं तर थेट बँकेत जा, त्यासाठी सरकारने कुठलेही एजंट नेमलेले नाहीत.

आणि तक्रार केल्यावर "रिफंड डिपार्टमेंट"चा फोन येऊ शकतो. पैसे परत करायला आधी प्रोसेसिंग चार्ज भरा म्हणतील, नाहीतर मोबाइलची स्क्रीन दाखवणारं ॲप टाकायला लावतील. जाऊबाईंना आजच सांगून ठेवा की रुपयाही द्यायचा नाही, ॲप टाकायचं नाही, आणि तो नंबर टिपून तक्रारीला जोडायचा.