जुन्या फ्रेमवर पॉवर मीटर बसेल का?

प्रश्न (लातूर): माझ्या जुन्या रोड सायकलच्या फ्रेमला ६८ मिलिमीटरचा, इंग्लिश आट्यांचा बॉटम ब्रॅकेट (क्रँकचा अक्ष ज्यात फिरतो तो बेअरिंगचा भाग) आहे. त्यावर २४ मिलिमीटर अक्षाचा शिमानो क्रँक (पेडलचा दांडा) आणि डाव्या क्रँकवरचा पॉवर मीटर (पेडल मारण्याची शक्ती मोजणारे उपकरण) बसेल का?

उत्तर (छत्रपती संभाजीनगर): क्रँक बसेल, फक्त बॉटम ब्रॅकेटचा उजवा कप (बेअरिंगची वाटी) उलट आट्यांचा असतो, तो जबरदस्तीने फिरवू नये. खरी अडचण सेन्सरची आहे. तो क्रँकच्या आतल्या बाजूला चिकटवलेला असल्याने चेनस्टेला (फ्रेमची मागच्या चाकाकडे जाणारी खालची नळी) घासणार नाही ना, हे विकत घेण्याआधीच मोजावे. शिवाय हा मीटर डाव्या पायाचीच शक्ती दुप्पट करून दाखवतो.

उत्तर (नांदेड): जागा अपुरी असल्यास पेडलमधला मीटर घ्यावा. आपल्याकडे उन्हाळ्यात पहाटे निघून दुपारी परतताना तापमान फार बदलते आणि त्याने मीटरचे शून्य सरकते, म्हणून वाटेत थांबून, पेडलवर भार न देता, झिरो ऑफसेट (मीटरचे शून्य जुळवणे) पुन्हा करावा.