‘क्रिमेटर’मधला तो गोडबोल्या माणूस कोण?

लोकलपास:
काल रात्री ‘क्रिमेटर’ नावाचा झेक पिक्चर बघितला, १९६९चा, ब्लॅक अँड व्हाइट. हीरो स्मशानात कामाला, बोलतो इतकं गोड की काटा येतो अंगावर. प्रेताचे केस विंचरतो आणि त्याच कंगव्याने स्वतःचे पण!! सकाळी ट्रेन मरीन लाइन्सला थांबली, चंदनवाडीचं स्मशान शेजारीच, आणि माझा हात आपोआप खिशातल्या कंगव्यावर. कोण आहे हा नट? अजून काय बघू याचं?

विंगेतला:
रुडॉल्फ ह्रुशिन्स्की. जन्म १९२०, घरचेच फिरत्या नाटक कंपनीतले, म्हणजे आज या गावात प्रयोग, उद्या त्या गावात, असं बालपण. १९६० पासून प्रागच्या नॅशनल थिएटरमध्ये. हा माणूस आवाज चढवतच नाही रे, तीच त्याची गंमत. आपले निळूभाऊ आठव, ओरडणाऱ्या व्हिलनपेक्षा हळू बोलणाऱ्याचीच जास्त भीती वाटायची की नाही?

चहाबिस्किट:
थांबा, ‘श्वेक’मधला गोल चेहऱ्याचा भोळा शिपाई तो हाच?? १९५६चा. मला तो फार संथ वाटला, अर्धा बघून सोडला.

विंगेतला:
हाच तो. आणि अर्धा सोडलास? कठीण आहे तुझं. पिक्चर संथ आहे मान्य, पण त्याचे डोळे बघ ना, वेडा आहे की वेड पांघरलंय शेवटपर्यंत कळू देत नाही.

प्लाझासमोर:
एक राहिलं. १९६८ला तिकडे, कम्युनिस्ट झेकोस्लोव्हाकियात, ‘दोन हजार शब्द’ म्हणून जाहीरनामा निघाला होता, राजकीय सुधारणा पुढे न्या म्हणून, त्यावर याची सही होती. ऑगस्टमध्ये रशियन रणगाडे आले आणि पुढे सही करणाऱ्यांच्या मागे सरकार लागलं, याला सिनेमा-टीव्ही काही वर्षं बंद. स्टेज मात्र राहिलं म्हणून तगला. तू बघितलेला पिक्चर पण १९८९ पर्यंत डब्यात होता. मग कम्युनिस्ट राजवट गेली आणि १९९०ला हे साहेब थेट खासदार, राजवटीविरुद्धच्या ‘सिव्हिक फोरम’ चळवळीकडून! १९९४ला गेले.
बघायचाच तर ‘माय स्वीट लिटल व्हिलेज’ बघ, १९८५चा, दिग्दर्शक मेन्झेलचा, ऑस्कर नॉमिनेशनवाला. त्यात हा गावचा डॉक्टर, कविता म्हणत गाडी चालवतो आणि सारखी ठोकतो.

लोकलपास:
डॉक्टरवाला आजच लावतो. बायकोने आधीच विचारलंय, यात प्रेतं नाहीत ना?