आई ६८, वजन ८४ किलो, गुडघे दुखतात, चालणं कसं वाढवायचं?

पेठेतली_पोर:
आईची उंची ५ फूट १, वजन ८४. शुगरची आणि बीपीची गोळी चालू आहे. डॉक्टर "रोज चालत जा" म्हणाले आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं. मग दादाने हौसेने स्टेप्स मोजणारा बँड आणून दिला, टार्गेट १०,०००, ही पण सोसायटीतल्या बायकांबरोबर तरातरा निघाली आणि संध्याकाळी गुडघे धरून बसली, आता म्हणते मला नाही जमायचं. बाबांचं वेगळंच, ते म्हणतात रोज पर्वती चढ, आपोआप उतरेल वजन. नक्की किती चालावं?

निवांत_आजोबा:
१०,००० चं खूळ आधी काढा डोक्यातून. तो आकडा १९६५ च्या सुमाराला जपानमध्ये निघालेल्या एका पेडोमीटरच्या (पावलं मोजायच्या यंत्राच्या) नावातून आलाय, वैद्यकीय सल्ल्यातून नाही. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या म्हाताऱ्या बायकांवरचा एक अभ्यास आला होता, सरासरी वय ७२, त्यात दिवसाला साधारण ४,४०० पावलं चालणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण २,७०० वाल्यांपेक्षा बरंच कमी दिसलं आणि ७,५०० च्या पुढे फारसा फरक पडत नव्हता. मी स्वतः चौऱ्याहत्तरचा आहे, वजनदारही आहे, बागेत दोन बाकांच्या मधे चालतो, बाक आलं की बसतो. लाज कसली त्यात!

फिजिओ_मावशी:
ताई, आठवडाभर टार्गेट न लावता नुसतं बघा आई घरात-बाहेर मिळून किती चालतात, तिथूनच हळूहळू वाढवायचं. सलग अर्धा तास नकोच, तिन्ही जेवणांनंतर दहा-दहा मिनिटं, जेवणानंतरची शुगरही त्याने आटोक्यात राहते. वेग एवढाच की बोलता यावं पण गाणं म्हणता येऊ नये. बीपीच्या काही गोळ्यांनी नाडी वाढतच नाही, त्यामुळे बँडवरच्या ठोक्यांवर जाऊ नका. आणि शुगरची गोळी ग्लिमेपिराइड किंवा त्या जातीची (शुगर एकदम खाली नेऊ शकणारी) असेल तर उपाशीपोटी सकाळी चालायला पाठवू नका, खिशात ग्लुकोज ठेवा.
गुडघा थोडा कुरकुरेल, ते चालतं. पण दुसऱ्या दिवशी सकाळीही दुखणं वाढलेलंच असेल तर आदल्या दिवशी जास्त झालं, कमी करा. काठी घेणार असतील तर दुखऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध हातात, निम्मे लोक उलट धरतात. सपाता घालून चालणं बंद, मागे पट्टा असलेलं किंवा बूट, आणि ते संध्याकाळी विकत घ्या, पाय थोडे सुजलेले असतात तेव्हाचं माप बरोबर बसतं.

कट्ट्यावरचा_बंडू:
कुणी स्पष्ट बोलत नाहीये म्हणून सांगतो, नुसत्या चालण्याने वजन फार उतरत नाही. ८४ किलोच्या माणसाने अर्धा तास सावकाश चालून जेमतेम सव्वाशे कॅलरी जातात, आणि आमच्या बागेबाहेर वॉक संपवून बायका-पुरुष सगळे वडापावच्या गाडीवर, एकाच वडापावात त्याच्या दुप्पट परत आत 😄 ताटाकडे बघावंच लागणार.

फिजिओ_मावशी:
बंडूशेठ बरोबर आहे, पण म्हणून काकूंना उपाशी मारू नका हं. या वयात भराभर वजन उतरवलं की चरबीबरोबर स्नायूही जातात, मग पडायची भीती. भात-पोळी थोडी कमी, डाळ, दही, अंडं खात असतील तर अंडं. आणि खुर्चीवरून हात न टेकता उठायचं, परत सावकाश बसायचं, जमतील तेवढ्या वेळा, एक दिवसाआड. सुरुवातीला हात टेकले तरी चालेल. वजन किलोभर कमी झालं तरी प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार साधारण चार किलोने हलका होतो, त्यामुळे काटा हळू हलला तरी निराश होऊ नका.

पेठेतली_पोर:
आणि पर्वतीचं काय सांगू बाबांना?

फिजिओ_मावशी:
सांगा की १०३ पायऱ्या चढून झाल्या की तेवढ्याच उतरायच्यापण असतात आणि खरा भार उतरतानाच गुडघ्यावर येतो. सध्या सपाट रस्ता. चालताना छातीवर दाब आला किंवा हाताकडे, जबड्याकडे कळ गेली तर तिथेच थांबून लगेच हॉस्पिटल गाठायचं. पोटऱ्या चालताना वळतात आणि थांबलं की बऱ्या होतात असं असेल तर तेही डॉक्टरांना दाखवा, बऱ्याच जणी ते वयाचं म्हणून सोडून देतात.

पेठेतली_पोर:
पोटऱ्यांचं तर ती रोजच म्हणते, आम्ही बाम लावत होतो. उद्याच दाखवते.