उमेदवाराची तब्येत विचारायची की नाही?

अर्धाकप: मे 2024 मधला, ओडिशाचे तेव्हाचे मुख्यमंत्री नवीन पटनाईक यांचा तो व्हिडिओ आठवतोय? ओडिशातली प्रचारसभा. माईक त्यांचे विश्वासू सहकारी पांडियन यांनी धरलेला, पटनाईक बोलताहेत, पोडियमवर ठेवलेला त्यांचा हात थरथरतोय. पांडियनच्या ते लक्षात येतं आणि ते हळूच तो हात लोकांच्या नजरेआड करतात. पुढे पंतप्रधानांनी बारिपद्याच्या सभेत सांगितलं, आमचं सरकार आलं की नवीनबाबूंची तब्येत का बिघडली हे शोधायला समिती नेमू. पटनाईक म्हणाले, एवढी काळजी होती तर मला फोन करायचा.

समिती हा निव्वळ प्रचार होता, मान्य. पण प्रश्न गैर होता असं मला वाटत नाही. उमेदवाराच्या शपथपत्रात खटले, कर्ज, शिक्षण, अगदी बायकोचं सोनंसुद्धा लिहावं लागतं. तब्येतीबद्दल चकार शब्द नाही. 77 व्या वर्षी पुढची पाच वर्षं मागताय, तर मी विचारणारच.

दुर्वा: साफ नामंजूर. 2004 च्या निवडणुकीच्या धामधुमीत शरद पवारांना तोंडाचा कॅन्सर निघाला. त्यानंतर पंधरा वर्षांनी, 78 व्या वर्षी, हाच माणूस साताऱ्यात भर पावसात सभा घेत होता. रिपोर्ट बघून मत द्यायचं असतं, तर त्यांना 2004 लाच घरी बसवलं असतं.

मांडवीकाठ: दुर्वाताई, गोव्यात राहून बघायला हवं होतं. मुख्यमंत्री मनोहर पर्रीकर फेब्रुवारी 2018 ला आजारी पडले. स्वादुपिंडाचा कॅन्सर आहे हे आरोग्यमंत्र्यांच्या तोंडून ऐकायला ऑक्टोबर उजाडला. तोवर नुसत्या वावड्या. मंत्र्यांची बैठक दिल्लीला एम्समध्ये! जानेवारी 2019 मध्ये नाकात नळी घालून त्यांनी बजेट मांडलं, तेव्हा माझ्या आईच्या डोळ्यांत पाणी आलं. तिच आई रोज जेवताना विचारायची, "मग सह्या कोण करतं रे?"

दुर्वा: पर्रीकर 2017 ला पणजीतून निवडून आले, आजार नंतर कळला. शपथपत्रात काय लिहिणार होते?

मांडवीकाठ: हं. ते बरोबर आहे. पण नंतरचे महिने?

गोळ्या_औषधं: पेशाने डॉक्टर आहे म्हणून राहवत नाही. हाताला कंप सुटण्याची डझनभर कारणं असतात. काहींमध्ये डोकं शेवटपर्यंत ठणठणीत राहतं. व्हिडिओ बघून रोगाचं नाव सांगणाऱ्यांनी आधी स्वतःचं बीपी तपासावं. आणि रिपोर्ट जाहीर करायची सक्ती केलीत, तर डिप्रेशनच्या गोळ्या घेणारा एक तरी माणूस उभा राहील का? किंवा उभा राहायचं म्हणून गोळ्याच बंद करेल.

अर्धाकप: डॉक्टर, गोळ्यांचा मुद्दा पटला. रोगाचं नाव नको मला. पण साहेबांना काम झेपत नसेल, तर खुर्ची कोण चालवतंय हे कळायला नको? 2016 मध्ये तमिळनाडूच्या मुख्यमंत्री जयललिता हॉस्पिटलात असताना पक्षाच्या उमेदवारांच्या कागदांवर त्यांचा अंगठा होता. ओडिशातही लोकांच्या मनात तेच होतं. पांडियन माजी आयएएस, स्वतः कुठूनही उभे नाहीत, आणि सगळीकडे तेच. शेवटी 147 पैकी 51 जागा आल्या पटनाईकांच्या बीजेडीला.

दुर्वा: मग पांडियनबद्दल विचारा ना! म्हाताऱ्या माणसाच्या हातावर कॅमेरा कशाला झूम करता?