ट्रिपल ए हॉकी: पोराची गुणवत्ता की बापाचा खिसा?

ब्रॅम्प्टनचा_बाबा

नमस्कार मंडळी. कॅनडात मुलांना बर्फावरची हॉकी खेळवणारं इथे कोणी असेल तर सल्ला हवाय.

आमचे चिरंजीव दहा वर्षांचे. हाउस लीगमधून (सगळ्यांना खुली असते ती) सिलेक्टमध्ये (तिथल्या निवडक मुलांचा संघ) गेले, गेल्या मोसमात 'ए' संघात आले. आता जीटीएचएल या टोरांटो परिसरातल्या मुलांच्या लीगमधल्या एका ट्रिपल ए, म्हणजे सर्वात वरच्या पातळीच्या, संघाच्या प्रशिक्षकांनी 'ट्रायआउटला (निवड चाचणीला) घेऊन या' म्हणून सांगितलंय. पोरगा हवेत आहे. मी खर्च विचारला आणि जमिनीवर आलो. संघाची फी, रिंकचं भाडं, बाहेरगावच्या स्पर्धा, तिथली हॉटेलं, सगळं धरून वर्षाला पंधरा हजार डॉलरच्या आसपास. यात स्केट्स, स्टिक, हेल्मेट धरलेलं नाही, पेट्रोल तर नाहीच. आणि आपल्याच पोराची मॅच बघायला काही रिंकवर दारात तिकीट काढावं लागतं, हे तर मला अजून पचलेलं नाही.

बायको हिशेबाची पक्की. ती म्हणते, एवढे पैसे भरून संघात गेला तर तो खेळून गेला की आपण भरून घातला, हे त्याला तरी कसं कळणार?

आता भांडणाचा मुद्दा. आमच्या संघातल्या एका मुलाच्या वडिलांशी बाकावर बसून बोलणं झालं. सज्जन माणूस, कॉफी नेहमी तोच पाजतो. म्हणाला, 'हॉकीसारखा प्रामाणिक खेळ नाही. पकला बापाचं आडनाव वाचता येत नाही.' (पक म्हणजे चेंडूऐवजी असते ती रबरी चकती.) मी मान डोलावली. पण त्याच्या पोराला आठवड्यातून दोनदा खासगी प्रशिक्षक असतो, उन्हाळाभर शिबिरं असतात, आणि घरामागे पाइप टाकून गोठवलेलं स्वतःचं छोटं रिंक आहे. त्याच मॅचमध्ये पोराची स्टिक तुटली. बाप खाली गेला, गाडीतून दुसरी काढून आणली. साडेतीनशे डॉलरची, तंतोतंत तशीच. खेळ अर्धा मिनिटही थांबला नाही. माझ्या मुलाकडे एकच स्टिक आहे, तीही दोन इंच लांब घेतलेली, पुढच्या वर्षी पुरावी म्हणून.

पोरगा त्याचा चांगलाच खेळतो, त्यात वाद नाही. पण मग गुणवत्ता नक्की कशाला म्हणायचं? आणि मी ट्रायआउटला न्यावं की नाही?

शंकासुर

न्या की! यात विचारायचं काय?

बाकी हे बापाच्या खिशाचं रडगाणं आपल्या लोकांना फार आवडतं. गॉर्डी हाऊ बघा, केवढा मोठा हॉकीपटू. जन्म १९२८चा, सस्कॅचवानमधलं मंदीच्या काळातलं गरीब घर, नऊ भावंडं. आईने एका गरजू बाईकडून जुन्या सामानाचं पोतं घेतलं, त्यात स्केट्सची जोडी निघाली. त्यातला एक याने घातला, एक बहिणीने. वेन ग्रेट्स्कीचे वडील ब्रँटफर्डला राहून बेल टेलिफोनमध्ये नोकरी करायचे. परसात पाणी मारून त्यांनी रिंक केलं, पोरगा त्यावर शिकला. पुढे तो हॉकीचा बादशहा झाला हे जगाला माहीत आहे.

पैशाने हॉकी येत असती तर टोरांटोत बे स्ट्रीटवरच्या बँकवाल्यांची पोरं तिथल्याच मेपल लीफ्स या व्यावसायिक संघात भरली असती. आणि लीफ्सने १९६७ नंतर एखादा स्टॅन्ली कप तरी आणला असता!

रश्मी_ओकव्हिल

शंकासुर, लीफ्सवरून हसले. पण तुमची दोन्ही उदाहरणं परसातली आणि तळ्यावरची आहेत. तेव्हा थंडी फुकट होती आणि निवड करणारे लोकही मुलं शोधत तिथवर यायचे. आता ते छपराखालच्या ट्रिपल एच्या मॅचला येतात, आणि तिथे बर्फ तासावर विकत मिळतो.

ब्रॅम्प्टनचे बाबा, माझा मुलगा नऊ वर्षं या लीगमध्ये खेळला, त्यातली बरीच ट्रिपल ए. सोळाव्या वर्षी ओएचएल या ऑन्टॅरिओतल्या ज्युनिअर लीगच्या निवडीत त्याचं नाव आलं नाही. आता इंजिनिअरिंगला आहे, रविवारी रात्री मित्रांबरोबर खेळतो. तेव्हा मला ना कुणाची जाहिरात करायचीय ना कुणावर राग काढायचाय.

पैशाने एनएचएल, म्हणजे सर्वात वरची व्यावसायिक लीग, मिळत नाही हे खरंच. तिच्या वार्षिक निवडीत बत्तीस संघ, सात फेऱ्या, साधारण २२४ नावं, तीही जगभरातून. त्यातले बरेच जण पुढे एकही मॅच खेळत नाहीत. एवढ्या वर कुणाचा बाप पोचत नाही. पैसा कामी येतो तो त्याच्या फार आधी, नऊ ते पंधरा या वयात. तेव्हा तो पोराला रांगेत उभं ठेवतो, बस्स. आमच्या पहिल्या संघात एक मुलगा होता, स्केटिंग असं की बघत राहावं. वडिलांची नोकरी गेली, पुढच्या मोसमात तो आला नाही. त्याला कुणी नापास केलं नाही हो. त्याची परीक्षाच झाली नाही. आणि सोळाव्या वर्षी यादी लागली तेव्हा उरलेल्यांत जे चांगले होते ते निवडले गेले, अगदी प्रामाणिकपणे. तुमचे कॉफीवाले गृहस्थ खोटं बोलत नाहीत, त्यांना फक्त उरलेले दिसतात.

मुलाचा जन्म कुठल्या महिन्यातला? हे मुद्दाम विचारते. इथे वयाची रेघ १ जानेवारीला मारतात. रॉजर बार्न्सली नावाच्या कॅनेडियन मानसशास्त्रज्ञाने १९८०च्या दशकातच दाखवलं होतं की वरच्या पातळीच्या ज्युनिअर हॉकीत वर्षाच्या पहिल्या तीन महिन्यांत जन्मलेली मुलं शेवटच्या तीन महिन्यांतल्यांपेक्षा कितीतरी जास्त असतात. दहाव्या वर्षी अकरा महिन्यांचा फरक म्हणजे दोन-तीन बोटं उंची. प्रशिक्षकाला ती गुणवत्ता वाटते. मोठ्याला वरचा संघ, वरच्या संघाला जास्त बर्फ, जास्त बर्फाने तो खरोखरच चांगला होतो.

ब्रॅम्प्टनचा_बाबा

रश्मीताई, नोव्हेंबर. ऐन दिवाळीतला. संघाच्या फोटोत कायम पुढच्या रांगेत, गुडघ्यावर.

रश्मी_ओकव्हिल

मग त्याला जास्त वर्षं धीर धरावा लागणार, आणि धीराचेच तर पैसे पडतात. उशिरा वाढणारं पोर गरीब घरातलं असेल तर वाढायच्या आधीच खेळ सुटतो.

खडकी_बाजार

कॅनडाचं मला काही कळत नाही, बर्फ आम्ही उसाच्या रसात बघतो. पण धागा वाचून राहवलं नाही.

आमच्या खडकीतून धनराज पिल्ले गेला. दारूगोळा कारखान्याची वसाहत, वडील मैदानाची देखभाल करायचे, पोरं मोडक्या स्टिका बांधून खेळायची. तो चार ऑलिम्पिक आणि चार विश्वचषक खेळला. शंकासुरांना हे उदाहरण आवडेल. पण गोष्ट तिथे संपत नाही. धनराजचा थोरला भाऊ रमेश आधीच मुंबईत आरसीएफ या खत कंपनीकडून खेळत होता. त्याने धाकट्याला मुंबईला नेलं, हाताखाली घेतलं. खडकीत धनराजइतकं वेड असलेली पोरं काय कमी होती? पण मुंबईत हॉकी खेळणारा भाऊ कितीजणांना होता? घरात पैसा नव्हता, वाट माहीत असलेला माणूस होता. शिवाय तेव्हा आरसीएफ, महिंद्र, एअर इंडिया, रेल्वे असे संघ होते. खेळाडूला पगार मिळायचा, बापाला पोसावं लागत नव्हतं.

अवांतर: गवतावरची आमची हॉकी महाग झाली ती तुमच्याच कॅनडात. १९७६ला माँट्रियलला पहिल्यांदा कृत्रिम मैदानावर ऑलिम्पिक हॉकी झाली, आपण सातवे आलो. त्यानंतर चांगलं खेळायचं तर टर्फ हवं, आणि टर्फ गल्लीत नसतं.

रश्मी_ओकव्हिल

खडकीकर, अगदी हेच इथे सगळ्यात जास्त चालतं आणि त्यावर कुणी बोलत नाही. ह्यूज बंधू बघा, क्विन, जॅक आणि ल्यूक. तिघेही एनएचएलच्या निवडीत पहिल्या फेरीत निवडले गेले. क्विन २०१८ला सातवा, जॅक २०१९ला पहिला, ल्यूक २०२१ला चौथा. वडील जिम लीफ्सकडे खेळाडू घडवण्याच्या विभागाचे प्रमुख होते, आई एलन अमेरिकेच्या राष्ट्रीय संघातून खेळलेली. जेवताना पोळीबरोबर हॉकी. कुठल्या वयात काय शिकवायचं, कुठला प्रशिक्षक टाळायचा, कुणाला फोन करायचा, हे त्या घराला पैसे न मोजता ठाऊक होतं. म्हणून ती मुलं कमी गुणी आहेत का? छे. जॅकला स्केट करताना बघा आणि मग बोला.

दुसऱ्या टोकाला सुबान कुटुंब. कार्ल सुबान जमैकातून लहानपणी आलेले, टोरांटोत शाळेचे मुख्याध्यापक झाले. पी. के.ला रात्री उशिरा नेथन फिलिप्स चौकातल्या फुकटच्या रिंकवर न्यायचे. तो २००७ला दुसऱ्या फेरीत गेला आणि २०१३ला लीगचा सर्वोत्तम बचावपटू ठरला. त्याचे दोन धाकटे भाऊही निवडले गेले. श्रीमंत नव्हते, पण दोन पक्के पगार होते आणि संध्याकाळनंतरचा बापाचा वेळ होता. हातावर पोट असलेल्याला तोही परवडत नाही.

शंकासुर

बरं, बापाचा वेळ हीसुद्धा इस्टेट झाली म्हणायची! मग अर्शदीप बेन्सचं काय? व्हँकुव्हरजवळच्या सरीचा पंजाबी पोरगा, एनएचएलच्या निवडीत कुणी विचारलं नाही. २०२१-२२ला रेड डिअरकडून ११२ गुण करून डब्ल्यूएचएल या पश्चिमेकडच्या ज्युनिअर लीगमध्ये पहिला आला, त्याच मोसमात एनएचएलच्या व्हँकुव्हर संघाने करार केला. हे तरी स्वतःच्या जिवावर ना?

रश्मी_ओकव्हिल

शंभर टक्के. पण वयाच्या विसाव्या वर्षापर्यंत त्याला कुणीतरी खेळत ठेवलं होतं, हेही लक्षात घ्या.

ब्रॅम्प्टनचा_बाबा

सगळ्यांचे आभार. काल रात्री बायकोला धागा वाचून दाखवला. तिला खडकीकरांचा प्रतिसाद पटला, मला रश्मीताईंचा, आणि पोराला शंकासुरांचा. ट्रायआउटला नेतो आहोत. ट्रिपल ए मिळालं तर एक वर्ष झेपेल, दोन वर्षांचं सांगता येत नाही. हे त्यालाही सांगून टाकलंय. बायको म्हणाली, दहा वर्षांच्या पोराला खर्च कशाला सांगायचा. मी म्हटलं, त्या कॉफीवाल्याच्या पोराला कुणी सांगितला असता तर बरं झालं असतं.

ताई, पैसे भरायच्या आधी काय विचारू?

रश्मी_ओकव्हिल

मॅनेजरकडून मोसमाचं लेखी अंदाजपत्रक मागा. तोंडी आकडा नेहमी कमी असतो. किती स्पर्धा, किती बाहेरगावी, हॉटेल संघाने ठरवलेलंच घ्यावं लागतं का, हप्ते चालतात का. प्रशिक्षकांपैकी किती जणांची मुलं त्याच संघात आहेत तेही बघा, म्हणजे मोकळ्या जागा किती याचा अंदाज येतो. बहुतेक संघ ट्रायआउटच्या आधीच निम्माअधिक ठरलेला असतो. जंपस्टार्ट आणि किडस्पोर्ट या संस्थांकडून कमी उत्पन्नाच्या घरांना फीला मदत मिळते. तुम्ही बसत नसाल, पण संघात कुणी बसत असेल तर कानावर घाला, लोक लाजेने विचारत नाहीत.

स्केट्स जुन्या घ्या, हेल्मेट मात्र नवंच. आणि ट्रायआउटच्या आदल्या दिवशी स्केट्सना धार लावू नका, दोन दिवस आधी लावा. आणि ती दोन इंच लांब स्टिक आत्ताच कापून घ्या हो.