‘प्रत्येक शिक्षक हा आधी भाषेचा शिक्षक’ म्हणे! मग माझा भूमितीचा तास कोण घेणार?

खडू-डस्टर (धागाकर्ता)

परवा येथे ‘शब्दवेल्हाळ’ यांनी असा प्रस्ताव मांडला की, माध्यमिक शाळेतील प्रत्येक शिक्षक, मग तो गणिताचा असो की शारीरिक शिक्षणाचा, आधी भाषेचा शिक्षक असला पाहिजे; त्याने दर आठवड्याला आपल्या विषयातील दहा शब्द वर्गाच्या भिंतीवर लावावेत, ते मुलांकडून वाक्यांत वापरून घ्यावेत आणि वही तपासताना शुद्धलेखनाकडेही पाहावे. त्यावर चार ओळींचा प्रतिसाद लिहायला बसलो, त्या चाळीस झाल्या, म्हणून हा स्वतंत्र धागा.

मी 22 वर्षे आठवी ते दहावीला गणित शिकवतो आहे. तास 35 मिनिटांचा असतो. हजेरी, मागच्या बाकावरची भांडणे आणि मध्येच येणारी सूचनावही यांतून सव्वीस-सत्तावीस मिनिटे हाती लागतात. त्याखेरीज मतदार यादीचे काम, ऑनलाइन माहिती भरणे आणि गेल्या महिन्यात भरलेलीच माहिती नव्या नमुन्यात पुन्हा भरणे हेही आमच्याच गळ्यात आहे. आता या सत्तावीस मिनिटांत मी शब्दांच्या पट्ट्या कापाव्यात, अशी अपेक्षा आहे. एखाद्याने ‘त्रिज्या’ हा शब्द दीर्घ लिहिला म्हणून वर्तुळाचे क्षेत्रफळ बदलत नाही. मुलाला सातवी-आठवीपर्यंत वाचता येत नसेल, तर ते ज्यांचे काम होते त्यांना विचारावे; त्याचा हप्ता गणिताच्या तासातून कापू नये, एवढेच माझे म्हणणे आहे.

शब्दवेल्हाळ

सर, माझा लेख आपण वाचला याचा आनंद आहे. पूर्ण वाचला असता तर अधिक झाला असता. भिंतीवरच्या शब्दांचा उल्लेख त्यात एका ओळीत होता. उरलेला लेख ज्या शब्दांबद्दल होता, त्यांना आपण स्पर्शही केलेला नाही.

शाळेत मुलांना भेटणारे शब्द ढोबळमानाने तीन थरांचे असतात. घरात-गल्लीत ऐकू येणाऱ्या शब्दांची चिंता कोणी करत नाही. ‘लंबदुभाजक’ किंवा ‘अपवर्तन’ यांसारखे विषयाचे खास शब्द आपण सर्वच शिक्षक शिकवतो, कारण ते पुस्तकात ठळक छापलेले असतात. या दोहोंच्या मधला जो थर आहे, त्याला मात्र वाली नाही. ‘अनुक्रमे’, ‘सापेक्ष’, ‘तथापि’, ‘परिणामी’, ‘गृहीत’, ‘कमाल’, ‘किमान’, ‘व्यस्त’ हे शब्द भूगोलात येतात, गणितात येतात, नागरिकशास्त्रात येतात आणि प्रत्येक शिक्षकाला वाटते की, ते दुसऱ्या कोणीतरी आधीच शिकवलेले आहेत.

मी मराठीची शिक्षिका आहे. गेल्या वर्षी भूगोलाच्या बाई रजेवर असताना त्यांचा तास मला मिळाला. ‘कमाल तापमान’ म्हणजे काय, असे विचारल्यावर आठवीतील एका हुशार मुलीने ‘कमालीचे, म्हणजे खूप छान तापमान’ असे उत्तर दिले. वर्ग हसला नाही, कारण वर्गालाही ते पटले होते. आपल्या आठवीच्या पुस्तकातील ‘चलन’ या धड्यात ‘व्यस्त चलन’ येते, म्हणजे एक राशी वाढली की दुसरी त्याच प्रमाणात घटते. हिंदी मालिका पाहणाऱ्या मुलांसाठी ‘व्यस्त’ म्हणजे कामात बुडालेला आणि ‘चलन’ म्हणजे नोटा. त्या दोन शब्दांतून तुमच्या मुलांच्या डोळ्यांसमोर काय उभे राहत असेल, हे आपण 22 वर्षांत एकदा तरी विचारून पाहिले आहे काय?

शुद्धलेखनाचा मुद्दा मात्र मी मागे घेते. तो लिहिताना माझ्यातील तपासनीस जागा झाला होता.

भिंग

मूळ दुखणे दोघांच्याही हाती लागलेले नाही. मी विज्ञान शिकवतो. द्राव्य, द्रावक, द्रावण. हे तीन शब्द एका श्वासात उच्चारून दाखवा आणि मग तेरा वर्षांच्या मुलाला यातले कोण कोणात विरघळते ते विचारा. त्यांच्यापुढे परावर्तन, अपवर्तन आणि अपस्करण ही तीन भावंडे उभी आहेतच. ही परिभाषा ज्यांनी घडवली, त्यांनी ती मुलांसाठी नव्हे, एकमेकांच्या टाळ्यांसाठी घडवली. एवढे करून बारावीपर्यंत विज्ञान शिकणाऱ्या मुलाच्या ती फक्त दहावीपर्यंतच कामाची, कारण अकरावीला विज्ञान इंग्रजीत सुरू होते आणि तोवर जमवलेली शिदोरी एका सुट्टीत शिळी होते. सरळ ‘रिफ्लेक्शन’, ‘रिफ्रॅक्शन’ शिकवा आणि मोकळे व्हा.

पेन्शनीत

‘भिंग’ महाशय, ‘रिफ्लेक्शन’ आणि ‘रिफ्रॅक्शन’ हे शब्द एकमेकांसारखे ऐकू येत नाहीत, हा शोध आपण कोठे लावला? जो घोटाळा मराठीत होतो तोच तेथे होतो. फरक इतकाच की, ‘परावर्तन’ या शब्दात ‘परत वळणे’ दाखवता येते, ‘रिफ्रॅक्शन’मध्ये मराठी मुलाला काहीच दाखवता येत नाही.

मी 34 वर्षे नोकरी केली, त्यांतील शेवटची 9 मुख्याध्यापक म्हणून. आमच्या वेळी परिभाषा कोश कपाटात कुलूपबंद नसत. शासनाचे भाषा संचालनालय 1960 सालापासून आहे, मराठी विज्ञान परिषद 1966 पासून आहे. या मंडळींनी एकेका शब्दासाठी वाद घातले आहेत. आपण ज्याला टाळ्यांचे काम म्हणता, ते बहुतेकांनी अल्प मानधनावर केलेले काम आहे. शब्द अवघड नसतो, तो फोडून न सांगणारा शिक्षक अवघड असतो.

भिंग

गुरुजी, मी शब्द फोडत नाही हे आपणांस पेन्शन घेता घेता घरबसल्या कसे कळले? ‘प्रकाशसंश्लेषण’ची ‘प्रकाश’, ‘सम्’, ‘श्लेषण’ अशी फोड मी दरवर्षी करतो. त्यातून मुलांना ‘श्लेषण’ हा आणखी एक न कळणारा शब्द मिळतो. फोड करून उपयोग तेव्हा होतो, जेव्हा तुकडे ओळखीचे असतात.

उलट ‘खवटपणा’ हा शब्द पाहा. दहावीच्या विज्ञानात तेला-तुपाच्या ऑक्सिडीकरणासाठी हा साधा, घरातला शब्द वापरला आहे आणि त्या परिच्छेदावर मला आजवर एकही शंका आलेली नाही. असे शब्द हवेत.

पेन्शनीत

अवश्य हवेत. त्याच पुस्तकात धातूंच्या धड्यात ‘कल्हई’ आहे. तोही घरातलाच शब्द. आपल्या वर्गातील किती मुलांनी कल्हईवाला पाहिला आहे, हे एकदा मोजून येथे लिहावे. माझ्या नातवाला कल्हई सांगताना मला ‘जस्त विलेपन’ (लोखंडावर जस्ताचा थर देणे) आधी सांगावे लागले, तेव्हा कोठे त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. घरातला शब्द घर बदलले की संस्कृतइतकाच परका होतो.

भिंग

कल्हईचा मुद्दा मान्य. बाकी काहीही मान्य नाही.

दहावीतल्या मुलीची आई

आपण सर्व शिक्षक आहात, मी नाही, तरीही लिहिते. आमच्या गावातील शाळेने आठवीपासून सेमी-इंग्रजी सुरू केले आणि आम्ही पालकांनी पेढे वाटले. आता माझी मुलगी विज्ञान आणि गणित इंग्रजीत, उरलेले विषय मराठीत शिकते. तिला भिंगाच्या ‘फोकल लेंथ’ची (नाभीय अंतराची) व्याख्या इंग्रजीत तोंडपाठ आहे. मी मराठीतून विचारले की, म्हणजे नेमके कुठून कुठपर्यंतचे अंतर गं, तर तिने तीच इंग्रजी व्याख्या जरा हळू म्हणून दाखवली. मी भिंग घेऊन अंगणात गेले, उन्हात कागद जाळून दाखवला, तेव्हा ती म्हणाली, ‘आई, हे आमच्या पुस्तकात नाही.’ ते पुस्तकात होते.

तिला मराठीत सांगता येत नाही आणि इंग्रजीत पाठ येते. ‘भिंग’ सरांचा उपाय आमच्या घरी तीन वर्षे चालू आहे. त्याचा गुण आलेला नाही.

धडगावकर

नंदुरबार जिल्ह्यातील एका आश्रमशाळेत शिकवतो. वरील वाद वाचताना असे वाटले की, दोन शेजारी बांधावरून भांडत आहेत आणि ज्याचे शेत आहे तो पलीकडे उभा आहे. माझ्या वर्गातील मुले घरी पावरी ही आदिवासी बोली बोलतात. त्यांना ‘प्रकाशसंश्लेषण’ आणि ‘फोटोसिंथेसिस’ हे दोन्ही शब्द सारख्याच अंतरावरून येतात, आणि ‘तथापि’ तर त्याहूनही दुरून येते.

धागाकर्त्यांनी ‘ते ज्यांचे काम होते त्यांना विचारावे’ असे लिहिले आहे. मुलांचे वाचन आणि गणित तपासणाऱ्या ‘असर’ या पाहणीत 2023 साली ग्रामीण भागातील 14 ते 18 वयाच्या साधारण 25 टक्के मुलामुलींना दुसरीच्या पातळीचा मजकूरही आपल्या प्रादेशिक भाषेत सहज वाचता आला नव्हता. ही मुले आपल्या नववी-दहावीच्या वर्गांत बसलेली आहेत. त्यांच्यासाठी प्राथमिकच्या गुरुजींना शोधत मागे जाण्याची सोय आता उरलेली नाही.

आमच्याकडे एक मुलगा होता. उतारावरून पाणी कसे वाहते, बांध कुठे घातला की माती अडते, हे त्याला माझ्याहून चांगले समजत होते. ‘नदीचे निक्षेपण कार्य स्पष्ट करा’ या प्रश्नाला त्याने कोरी जागा सोडली. मी तोच प्रश्न ‘नदी गाळ कुठे टाकते आणि का?’ असा विचारला, तर त्याने फळ्यावर चित्र काढून वर्गाला समजावले. बोर्डाच्या परीक्षेत मी शेजारी उभा नसणार, म्हणून त्याला ‘निक्षेपण’ शिकवणे मला भाग होते, आणि ते मराठीच्या नव्हे, भूगोलाच्याच तासाला शिकवणे भाग होते, कारण मराठीच्या पुस्तकात नदी येते तीही कवितेत, आणि तिथे ती गाळ टाकत नाही.

खडू-डस्टर

शेवटचे वाक्य मी फलक-लेखनासाठी मागून घेतो. आकडे मात्र माझ्यावर फेकू नयेत. ती 25 टक्के मुले मी रोज पाहतो.

आणि गणितात भाषा घुसवली की काय होते, हेही आपण सर्वांनी पाहिले आहे. 2019 साली बालभारतीने दुसरीच्या पुस्तकात ‘एकवीस’साठी ‘वीस एक’ असे वाचन दिले आणि वाद विधानसभेपर्यंत गेला.

शब्दवेल्हाळ

ते उदाहरण आपण आपल्याच विरुद्ध दिले आहे, सर. तो बदल भाषातज्ज्ञांनी नव्हे, गणिताच्याच समितीने सुचवला होता, डॉ. मंगला नारळीकर तिच्या अध्यक्ष होत्या. जोडाक्षरे आणि उलटे वाचन यांमुळे लहान मुले अडखळतात, हे त्यांनी सांगितले होते. उपाय चुकला असेल, मलाही तो रुचला नव्हता. निदान मात्र बरोबर होते, आणि ते गणितवाल्यांनी केले होते.

पेन्शनीत

उपायही हास्यास्पद होता! पिढ्यान् पिढ्या आम्ही ‘त्रेसष्ट’ म्हणतच पाढे पाठ केले.

भिंग

आणि पिढ्यान् पिढ्या नापासही झालो. ‘एकोणऐंशी’ सांगितल्यावर 89 लिहिणारी मुले माझ्या नववीत आहेत. ती आपल्या नातवाच्या शाळेत नसतील.

पेन्शनीत

माझ्या नातवाला या चर्चेत ओढण्याचे कारण समजले नाही. आपण तरुण आहात, म्हणून सोडून देतो.

भिंग

नातवाला कल्हईपाशी आपणच घेऊन आलात. आणि मी 47 वर्षांचा आहे.

थेम्सकाठी

लंडनमधील एका माध्यमिक शाळेत इतिहास शिकवते, म्हणून एक भर घालते. ‘प्रत्येक विषयातून भाषा’ हे इकडे नवे नाही. ब्रिटिश सरकारने भाषाशिक्षणासाठी नेमलेल्या बुलक समितीने 1975 सालीच सांगितले होते की, प्रत्येक शाळेचे सर्व विषयांना लागू असे भाषाधोरण असावे. पन्नास वर्षे झाली. माझ्या शाळेत ते धोरण एका सुंदर फाइलमध्ये आहे. भिंतीवर शब्द लावण्याचा टप्पाही आम्ही पार केला. मुले त्या भिंतीकडे घड्याळ पाहण्यापुरती पाहतात. उपयोग झाला तो एका साध्या गोष्टीचा: चार विषयांच्या शिक्षकांनी एकत्र बसून एकाच प्रश्नपत्रिकेतील सूचना वाचल्या. आमच्या ध्यानात आले की, ‘स्पष्ट करा’ म्हटल्यावर विज्ञानाच्या शिक्षकाला कारण हवे असते, मला पुरावा हवा असतो आणि साहित्याच्या शिक्षिकेला ओळ उद्धृत केलेली हवी असते. मुलाने मात्र तिघांनाही सारखेच उत्तर दिले होते.

धडगावकर

‘सकारण स्पष्ट करा’, ‘शास्त्रीय कारणे लिहा’, ‘टीपा लिहा’, ‘संकल्पना स्पष्ट करा’. चारही ठिकाणी आमची मुले धड्याचा पहिला परिच्छेद उतरवतात. ताई, तुमच्या मुलांचे आमच्या मुलांशी जमेल.

खडू-डस्टर

तीन दिवस गप्प होतो, कारण सोमवारी दहावीवर जाऊन ‘अनुक्रमे’ विचारून पाहायचे ठरवले होते. फळ्यावर लिहिले: ‘अ आणि ब यांची वये अनुक्रमे 12 व 15 वर्षे आहेत. ब चे वय किती?’ बहुतेकांनी 15 लिहिले, म्हणून मी येथे विजयाची घोषणा करायच्या बेतात होतो. मग शब्दाचा अर्थ विचारला. तीन हात वर आले. एकीने ‘क्रमाने’ असे सांगितले. दुसऱ्याचे म्हणणे ‘एकूण’ असे होते. तिसऱ्याने अत्यंत प्रामाणिकपणे सांगितले की, ‘सर, तो शब्द आम्ही सोडून देतो.’ पुढचे उदाहरण मी मुद्दाम ‘ब आणि अ यांची वये अनुक्रमे’ असे फिरवून दिले. त्यात अर्धा वर्ग आडवा झाला.

मग ओघात आलेच म्हणून ‘4 ने अधिक’ आणि ‘4 पट’ यांतील फरकही विचारला. त्याबद्दल येथे लिहीत नाही. 22 वर्षांचा मामला आहे.

तरीही माझा आक्षेप कायम आहे. या प्रकाराला 12 मिनिटे लागली आणि शाब्दिक उदाहरणांचा संच अर्धवट राहिला. ‘शब्दवेल्हाळ’ बाईंनी ती 12 मिनिटे मराठीच्या तासातून परत करावीत.

शब्दवेल्हाळ

करते. बुधवारी आमच्या नववीचा मराठीचा तास आहे. आपल्या पुस्तकातील शाब्दिक उदाहरणे मी तेथे उतारा म्हणून वाचायला देणार आहे, सोडवायला नव्हे. ‘4 ने अधिक’ आणि ‘4 पट’ हे मी स्वतः कसे समजावायचे, तेवढे मात्र मंगळवारपर्यंत येथे लिहून ठेवा. मला दहावीला गणितात 41 होते.