मदत हवी आहे: व्लाड्स्लोच्या जर्मन सैनिकी दफनभूमीत गाडीशिवाय कसं जायचं?

सप्टेंबरमध्ये आईसोबत बेल्जियमला जातोय, मुक्काम गेंटला. पहिल्या महायुद्धातले 25 हजारांहून अधिक जर्मन सैनिक व्लाड्स्लोला पुरलेत. जर्मन शिल्पकार केटे कोलविट्झचा मुलगा पीटर 1914 मध्ये लढाईत मारला गेला, तोही तिथेच. तिने घडवलेले गुडघे टेकलेले आई-बाप त्याचं नाव कोरलेल्या दगडासमोरच आहेत. आईला ते बघायचेच आहेत, त्यामुळे लांगेमार्कच्या दुसऱ्या जर्मन दफनभूमीचा पर्याय कृपया सुचवू नका.

डिक्समाउडेपर्यंत थेट ट्रेन आहे. पुढचे सात-आठ किलोमीटर अडलेत. नकाशा पायी जा म्हणतो. आईचे गुडघे दुखतात, सायकलही जमणार नाही. दोघांकडेही लायसन्स नाही. हॉटेलला मेल केला, उत्तर नाही. आम्हाला रविवारच मोकळा आहे.

डिक्समाउडे स्टेशनवर रविवारी टॅक्सी मिळते का, की आधीच ठरवावी लागते? आणि तासभर थांबून तीच परत आणते का?